अडीच वितीची गाडी

कडूबा डेंटर गाडीची किंमत विचारत नाही, कंपनीही विचारत नाही. गाडी शेडच्या दारात आली की तो गुडघ्यावर हात देऊन खाली बसतो, पुढच्या चाकाच्या मागच्या कडेला अंगठा टेकवतो आणि पुढचं दार जिथं सुरू होतं तिथपर्यंत वितीनं मोजत जातो. चार बोटं भरली तर गाडी पोटापाण्याची. एक वीत भरली तर साहेबाची, पण हप्त्यावरची. दीड भरली की कडूबा दाढी खाजवायला लागतो. आणि दोन वितींच्या पुढं गेली की तो उठून उभाच राहतो. एवढ्या गाडीपुढं बसून राहणं त्याला बरं वाटत नाही.

"दुसऱ्याची माणसं बाईच्या अंगावरचं सोनं बघत्यात," साळूबाई म्हणते, "आमचं येडं गाडीचं नाक बघतंय."

साळूबाई म्हणजे त्याची बायको. शेडच्या मागंच त्यांच्या दोन खोल्या आहेत. छावणीच्या अंगाला, लिंबाच्या झाडाखाली, पत्र्याचं ते शेड गेली पस्तीस वर्षं उभं आहे आणि त्यावर पिवळ्या अक्षरात बोर्ड आहे, 'चकाचक डेंटिंग पेंटिंग'. बोर्डावर दर दिवाळीला नवा रंग चढतो. कडूबाच्या अंगावर मात्र दिवाळीलाही जुनाच सदरा असतो, तो भाग वेगळा.

हे नाकाचं वेड त्याला लागलं ते उस्तादाकडं. पैठणकडचं गाव सोडून, मिसरूड फुटायच्या आत तो छावणीत कामाला लागला. उस्तादाकडं लष्कराचे ट्रक रंगवायचं काम असे. तो रंग म्हणजे शेवाळासारखा, मळकट, उन्हात ठेवला तरी ऊन गिळून बसणारा. कडूबानं एकदा हौसेनं एका ट्रकाचं मडगार्ड फडक्यानं घासून चमकवलं, तेव्हा उस्तादानं तेच फडकं त्याच्या पाठीत हाणलं. "अबे, चमकी तो दिखी! दिखी तो गई!"

आठ वर्षं कडूबानं असल्या न चमकणाऱ्या गाड्या रंगवल्या. आणि त्या आठही वर्षांत समोरच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या साहेबाची काळी विलायती गाडी रोज संध्याकाळी फाटकातून बाहेर पडायची. आधी नाक यायचं, मग आणखी नाक यायचं, मग बऱ्याच वेळानं साहेब यायचा. त्या लांबलचक बॉनेटवरून मावळतीचं ऊन पन्हळीतल्या पाण्यासारखं वाहत जायचं. कडूबा ब्रश हातात धरून बघत राहायचा. उस्तादही बघायचा आणि म्हणायचा, "लंबी नाकवाली को जल्दी नई रहती मियाँ. जिसको जल्दी है, वो अपना बस से जाए."

पुढं कडूबानं स्वतःचं शेड टाकलं तेव्हा मनाशी एक गोष्ट पक्की केली. इथून पुढं आपल्या हाताखालून निघालेली गाडी चमकलीच पाहिजे. रिक्षा असो, जीप असो, नाहीतर दुधाचा टेम्पो. शहराचं नाव बदललं, रस्ते बदलले, गाड्या उभ्या म्हशींसारख्या उंच झाल्या, बॉनेटं आखडत आखडत चिमणीच्या तोंडाएवढी झाली; कडूबाची चमक तेवढी बदलली नाही.

अशात एका मंगळवारी सकाळी अप्पाराव ती गाडी घेऊन आले.

अप्पाराव बिडकीनकडचे. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, पैसा आला आणि मुलगा सुदर्शन मुंबईला जाऊन ही गाडी घेऊन आला. अप्पारावांची पहिली जीप कडूबानंच रंगवलेली, त्यामुळं ओळख जुनी. पण आज ते गाडीतून उतरले ते घामानं निथळत.

"कडूबा, काय सांगू गड्या," ते म्हणाले, "ट्रॅक्टरचं नाक दिसतं तरी. हिचं कुठं संपतं तेच कळंना. पैठण रोडच्या शिग्नलला थांबलो तं म्होरचा मोटारसायकलवाला माझ्याकडं बघून पाया पडला."

कडूबानं ऐकलंच नाही. तो आधीच खाली बसला होता. एक वीत. दोन वीत. आणि वर अर्धी. अडीच! तो उठून उभा राहिला. पुन्हा खाली बसला आणि पुन्हा मोजलं, तरी अडीचच. बॉनेट चांगलं पाच फूट, मधोमध मांजराच्या पाठीसारखं किंचित उचललेलं, दोन्ही बाजूंनी रेघ अशी गेलेली की एकाच श्वासात ओढली असावी.

"मागं बसायला मांजर बी मावत नाय," अप्पाराव सांगत होते, "दारं दोनच. समदी जागा नाकातच गेली."

"जाऊ द्या की," कडूबा म्हणाला, आणि त्यानं बॉनेटवर तळवा ठेवला. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. गाडीला चमक नव्हती. सगळी गाडी गडद राखाडी, पाऊस न पडता नुसत्या दाटून राहिलेल्या आभाळासारखी. ऊन वर पडत होतं आणि तिथंच जिरत होतं.

"अप्पाराव, हिचा रंग मेलाय."

"तेच म्हन्तो मी! भावकी रोज इचारती, नवी गाडी धुतली नाय का म्हणून. काल आमच्या सोयऱ्यानं धूळ समजून बॉनेटवर बोटानं नाव लिवायला बघितलं." अप्पारावांनी आवाज खाली आणला. "परवा सुदर्शनचं लगीन. ह्याच गाडीतून परण्या निघायचा, मारुतीच्या दर्शनाला. पोरगं पत्रिका वाटायला पैठणला गेलंय, त्याला काय बोलू नगं. आरशावानी करून ठेव. बघून चाट पडलं पायजे."

"समुद्रावरून आली ना? खारं वारं लागलं असंल. बोटीतच मेला असंल रंग." कडूबाला त्या गाडीची इतकी दया आली की त्यानं चहासुद्धा घेतला नाही. एवढं देखणं नाक आणि त्यावर ही अवकळा!

सुरुवात अर्थातच बॉनेटपासून. आधी पॉलिशची पेस्ट, मग मशिनचा लोकरीचा चक्का, मग मऊ फडकं, मग त्याहून मऊ फडकं. पहिल्या तासात एक हातभर तुकडा उजळला. कडूबाला वाटलं, बेशुद्ध माणसानं डोळे उघडले. दुपारी दोनपर्यंत सगळं बॉनेट जागं झालं. लिंबाचं झाड त्यात पानापानानं दिसायला लागलं. साळूबाई जेवायला बोलवायला आली ती वाकून बॉनेटमध्येच आपलं कुंकू नीट करायला लागली.

"आता म्हना की, गाडी हाय," ती म्हणाली.

अप्पाराव खुर्चीवर बसून मिशीतल्या मिशीत हसत होते. कडूबा दोन पावलं मागं सरला, मान तिरपी केली, आणि चाळीस वर्षांनी म्हाताऱ्या साहेबाच्या बॉनेटवरचं ऊन त्याला पुन्हा वाहताना दिसलं.

तेवढ्यात रस्त्यावर जुनी जीप थांबली. सुदर्शन उतरला. बापाचा फोन लागत नाही म्हणून तो शोधत शोधत इथवर आला होता. तो सरळ अप्पारावांकडं गेला, जाता जाता बॉनेटवरून त्याची नजर गेली आणि पुढं निघूनही गेली. चार पावलांवर तो थांबला. मागं वळला.

"कडूबाकाका, ही कुणाची गाडी?"

"तुझीच की रं!" कडूबा अभिमानानं म्हणाला.

सुदर्शननं नंबर वाचला. मग बॉनेटकडं पाहिलं. मग पुन्हा नंबर वाचला. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त वरून खाली उतरत गेलेलं दिसलं. शेवटी बाजूला पडलेल्या जुन्या टायरवर तो मटकन बसला आणि पत्रिकांचा गठ्ठा त्याच्या हातातून सुटून ऑइलमध्ये पडला.

"मॅट होती," तो म्हणाला. "काका, मॅट होती ती."

"म्हंजी?"

"म्हणजे चमकू नये म्हणूनच तसा रंग होता. चमकू नये म्हणून वेगळे पैसे मोजलेत मी! चार महिने वाट बघितलीय!"

कडूबाला वाटलं, पोराला ऊन लागलं. चमक नको म्हणून पैसे? हे म्हणजे तिखट नको म्हणून ठेच्याला जास्त पैसे देण्यासारखं झालं. त्यानं आधाराला अप्पारावांकडं पाहिलं. अप्पाराव लिंबाच्या झाडाकडं बघत होते. झाडात बघण्यासारखं काही नव्हतं.

सुदर्शननं कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. मॅटवर पॉलिश चालत नाही सर. केलं असेल तर परत येत नाही सर. थोडा भाग रंगवता येत नाही, पूर्ण बॉनेट करावं लागेल सर. पुण्याला. तीन आठवडे सर. लग्नाच्या शुभेच्छा सर.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" सुदर्शन ओरडला.

अप्पाराव आता वाकून बुटाची नाडी बांधत होते. कडूबानं त्या वाकलेल्या पाठीकडं पाहिलं. परवा लग्न, घरात हळदीची तयारी, बापलेकांत आज वाजलं तर मांडवापर्यंत धूर जाणार. आणि सांगणाऱ्याचं तोंड कुणाचंही असलं तरी चक्का फिरवणारा हात त्याचाच होता.

"माझंच चुकलं," तो म्हणाला.

अप्पारावांची नाडी बांधून होईना.

चूक कबूल केल्यावर कडूबाला एक वेगळीच गोष्ट सुचली, आणि त्या धक्क्यानं तो मघापेक्षाही जास्त हबकला. "आरं, पर ह्यो तं मिल्ट्रीचा मळकट रंग! छावणीत ट्रकाला हाच हात मारायचो आमी. आठ वर्सं मारला!"

"काका, माझ्या दीड कोटीच्या गाडीला ट्रक म्हणू नका."

"ट्रक दिसू नये म्हणून मळकट ठेवायचा. तू गाडी घेतली ती दिसावी म्हणून का दिसू नये म्हणून?"

सुदर्शनला राग आला. त्यानं मोबाइल काढून बॉनेटचा फोटो घेतला. संध्याकाळपर्यंत तो फोटो भावकीच्या ग्रुपवर गेला, खाली ओळ होती, 'कडूबा डेंटरनं गाडीची वाट लावली'. दिवेलागणीच्या आत कडूबाला दोन फोन आले. एकजण जीप आणणार होता, तो म्हणाला, बघू नंतर. दुसरा म्हणाला, तुमच्या बोर्डाचा फोटो कुणीतरी टाकलाय, 'चकाचक'च्या भोवती लाल गोल काढून.

पण त्याआधी, सुदर्शन जायला निघाला तेव्हाच, कडूबा त्याच्या आडवा उभा राहिला होता.

"गाडी इथं ठेव. उद्या सकाळी, वारं सुटायच्या आत, बॉनेट परत झोपवतो."

"आणि बिघडलं तर?"

"आता आणखी काय बिघडायचं राहिलंय?"

कडूबानं बोर्डाकडं बोट केलं. "नाय जमलं तं हा बोर्ड काढून तुझ्या दारात आणून टाकीन. त्याच्यावर बसून जेव."

हे बोलताना त्याचा आवाज अजिबात हलला नाही.

स्कूटर काढून तो औरंगपुऱ्यात गेला. रंगाच्या दुकानात मॅटचं लॅकर मागितलं तेव्हा दुकानदारानं गालातल्या गालात हसून विचारलं, "चकाचकवाल्याला हे कशाला?" फोटो तिथंही पोचला होता.

खालचा राखाडी रंग शाबूत होता, हे एक नशीब. घासला गेला होता तो वरचा पारदर्शक थर. तो बारीक कागदानं ओरखडून त्यावर नवा द्यायचा. पण किती मळकट, याचं माप कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नव्हतं. कडूबानं भंगारातले तीन पत्रे राखाडी केले, त्यावर तीन तऱ्हेनं मिसळलेलं लॅकर मारलं आणि गाडीच्या दाराशेजारी उभे केले. त्याला काही कळेना. चाळीस वर्षं चमक शोधलेल्या डोळ्याला न चमकण्यातला फरक दिसेना. त्यानं साळूबाईला हाक मारली.

तिनं पदर खोचला, डोळे बारीक केले. "पहिला नव्या नवरीवानी लाजतोय, पर चमकतोय. दुसरा पाटीवानी मेलाय. तिसरा..." तिनं दाराकडं पाहिलं. "तिसरा ह्याचा सख्खा भाऊ."

बुधवारी सकाळी सहाला शेडमध्ये पाणी शिंपडून धूळ बसवली. आता खरी परीक्षा होती ती नाकाच्या लांबीची. चमकणारा रंग चुकला तर नंतर घासून सावरता येतो. हा घासता येत नाही, म्हणून प्रत्येक पट्टा काचेपासून टोकापर्यंत एकाच चालीत, न थांबता ओढायचा. मध्ये अडखळला की डाग पडणार आणि तो कायमचा राहणार. चिमणीच्या तोंडाची गाडी असती तर जागेवर उभं राहून झालं असतं. इथं पाच फूट तिरपं चालायचं होतं, साठीला आलेल्या गुडघ्यांनी. ज्या नाकावर जन्मभर जीव टाकला त्याच नाकानं आज त्याला पेचात धरलं होतं.

हवेचा पाइप बॉनेटला घासू नये म्हणून साळूबाई तो दोन्ही हातांनी उचलून मागं मागं चालली.

"लवकर चाला की," ती कुजबुजली.

"लंबी नाकवाली को जल्दी नई रहती," कडूबा म्हणाला आणि श्वास कोंडला.

एक पट्टा. दुसरा. सातवा ओढून झाला आणि एक चिलट कुठूनसं आलं, हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि ओल्या बॉनेटवर, उजव्या कोपऱ्यात, येऊन बसलं. बसलं ते बसलंच. काढावं तर खड्डा पडणार. ठेवावं तर चिलट राहणार.

"राहू द्या," साळूबाई म्हणाली. "मोहरीएवढं बी नाय."

ते राहिलं.

दुपारी सुदर्शन आला. त्यानं बॉनेट समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, डोळा पत्र्याच्या पातळीत आणून पाहिलं. दोन वेळा तो चिलटाच्या अगदी जवळून गेला. कडूबाला वाटलं, आपला दम इथंच संपणार.

"कळत नाही कुठं जोडलंय ते," सुदर्शन शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद कमी आणि आश्चर्य जास्त होतं. मग राग आठवला म्हणून पुढं म्हणाला, "पण काका, विचारायचं तरी."

अप्पाराव त्याच्या मागंच उभे होते. त्यांनी खोकून घेतलं.

बोर्ड वाचला. नाव मात्र वाचलं नव्हतं. ग्रुपवर वाट लावल्याचा फोटो टाकायची घाई सगळ्यांना असते. वाट नीट झाली हे टाकायला कुणाला सवड नसते. गुरुवारी पैठण रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात कडूबा साळूबाईला घेऊन गेला, तर लोक त्याच्याकडं बघून एकमेकांना कोपरं मारत होते. एकजण म्हणाला, "काय चकाचक, आता नवरदेवाला पॉलिश मारताय का?" कडूबा हसला. परत जावं असं त्याच्या मनात आलं, पण साळूबाईनं सदऱ्याची बाही धरून ठेवली होती.

परण्याची वेळ झाली. बॅण्ड वाजायला लागला. ती गाडी फाटकाशी उभी होती, राखाडी, गंभीर, उन्हात न हसणारी. फेटा बांधलेला सुदर्शन दार उघडून आत बसणार, एवढ्यात गर्दीतून त्याची आजी, दगडाबाई, वाट काढत आली. वय ऐंशीच्या पुढं. हातात ताट, ताटात तेलात कालवलेली हळद. घरात बैल आला, ट्रॅक्टर आला, मोटार आली, प्रत्येकाला तिच्या हाताचा ठसा पडल्याशिवाय तो उंबऱ्याबाहेर गेलेला नव्हता. नातवाची ही गाडी तेवढी सुटली होती.

"आजी, नको!" सुदर्शन ओरडला.

बॅण्डच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार. दगडाबाईनं उजवा तळवा हळदीत बुडवला आणि बॉनेटच्या मधोमध असा दाबला की पाचही बोटं, अंगठ्याच्या वळीसकट, उमटली. तेलाचा ओघळ नाकाच्या दिशेनं निघाला.

बॅण्डसुद्धा थांबला. नवरदेव फेट्यासकट बॉनेटवर वाकला होता. दोनशे माणसं टाचा उंच करून त्या पिवळ्या हाताकडं बघत होती. दगडाबाई मात्र पदराला बोटं पुसत शांत उभी होती.

"कडूबाकाका!" सुदर्शनचा आवाज रडका झाला होता. "निघंल का हे?"

गर्दी फाटली. कडूबा पुढं आला. ठशावर वाकला, वास घेतला. चाळीस वर्षं डांबर, शेण, गंज, पानाची पिंक, सगळं काढलेला माणूस तो. त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"नाय," तो म्हणाला. "मॅट हाय. तेल पिऊन बसली. पुसलं तं पसरंल, घासलं तं चमकंल."

"कुणी सांगितलं होतं आजीला?" सुदर्शन चवताळून वळला.

अप्पारावांनी वर पाहिलं, कार्यालयापुढं झाड नव्हतं. खाली पाहिलं, पायात कोल्हापुरी होत्या, नाड्या नव्हत्या. त्यांचा चेहरा हळदीइतका पिवळा पडला.

"मीच सांगितलं," ते म्हणाले. मग, सुटलेला बांध आवरेना तसं, आणखी मोठ्यानं, "अन् मंगळवारी कडूबाला घासायला बी मीच सांगितलं व्हतं! त्यो बिचारा बोलला नाय. मी बोलायला पायजे व्हतं. लोकं मला म्हनत व्हते, अप्पाराव, गाडी धुवा. लाज वाटत व्हती मला!"

सुदर्शन बापाकडं बघत राहिला. असला बाप त्यानं यापूर्वी पाहिलेला नव्हता. मघाचा कोपरं मारणारा माणूस कोपर खाली घेऊन उभा होता. भावकीतल्या कुणीतरी मोबाइल काढला, तर दगडाबाईनं त्याच हळदीच्या हातानं त्याचं मनगट धरलं. "आता ह्याचा फोटू काढ," ती अप्पारावांकडं बोट दाखवत म्हणाली. "अन् परवा कडूबाचा फिरवला तसाच फिरव."

त्यानं काढला. ग्रुपवर टाकलाही.

सुदर्शननं फेटा सारखा केला. तो कडूबाजवळ आला. वाकला आणि पाया पडला. कडूबा गडबडून मागं सरला. त्या वाकलेल्या फेट्याच्या पलीकडं त्याला बॉनेटचा उजवा कोपरा दिसला. ठशापासून हातभर अंतरावर ते चिलट तसंच बसलेलं होतं आणि त्याच्याकडं कुणीही बघत नव्हतं.

बॅण्ड पुन्हा सुरू झाला. गाडी फाटकातून मारुतीच्या देवळाकडं निघाली. आधी नाक बाहेर आलं, मग पिवळा हात आला, मग आणखी नाक, आणि बऱ्याच वेळानं नवरदेव.